रजा मंजूर

६ जानेवारी, सोमवार

पत्र आलं. वीज कंपनीच्या संचालक मंडळावर 'स्वतंत्र संचालक' म्हणून माझी नेमणूक झाली आहे. धाकटीने पत्र दोनदा वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाली, "ताई, ज्यांच्या फाटकासमोर तू तीस वर्षं घसा फोडलास, ते तुला आत बोलावतायत. एक तर ते सुधारले, नाही तर तू म्हातारी झालीस."

"कायद्याने मंडळावर एक बाई लागते आणि एक बाहेरचं माणूस लागतं," मी म्हटलं. "माझ्यात दोन्ही भागतं."

"म्हणजे एका दगडात दोन पक्षी. आणि दगड तूच!"

हसलो दोघी. पण मनातून मला आनंद झाला आहे, वहीपासून काय लपवायचं? कारखाने यंत्रांमुळे बिघडत नाहीत, टेबलांमुळे बिघडतात, हे मी उभ्या आयुष्यात शिकले. चार माणसं एका टेबलाशी बसून माना डोलावतात आणि चार हजार माणसांचं नशीब ठरून जातं. त्या टेबलाशी एक मान आडवी हलली तरी पुष्कळ.

ही वही धाकटीने आणून दिली. मी आजवर काहीच लिहिलेलं नाही. सांगायचं ते उभं राहून सांगितलं. ती पस्तीस वर्षं कोर्टात स्टेनो होती. दुसऱ्यांचं बोलणं टिपण्यात तिची बोटं वाकडी झाली. "बोललेलं वाऱ्यावर जातं, ताई," ती म्हणते. "शेवटी कागद काय म्हणतो तेच खरं." मला हे कधीच पटलं नाही.

तिची लेक, म्हणजे माझी भाची, कंपनीच्याच वसाहतीत शाळेत शिकवते. वसाहतीच्या डोक्यावर राखेचा तलाव आहे: जळालेल्या कोळशाची राख पाण्यात कालवून साठवतात तो. त्याचा बांध दोनदा उंच केला. तपासणी एकदाही झाली नाही. मी कशासाठी जाते आहे ते मला माहीत आहे.

१३ जानेवारी, सोमवार

पहिली सभा. नववा मजला. खिडक्या बंद, पडदे बंद, तरी टेबलावर करड्या पावडरीचा थर. बोट फिरवलं तर रेघ उमटली. कोणी तरी पुसलं, आणि चहा येईपर्यंत थर पुन्हा जमलेला.

खुर्च्या सहा. अध्यक्ष, त्यांचा जावई, एक निवृत्त बँकवाले, एक निवृत्त सरकारी अधिकारी, ज्यांचे दोन्ही डोळे मी सभाभर उघडे पाहिले नाहीत, आणि मी. सहावी खुर्ची रिकामी, पण तिच्यासमोरही चहाचा कप ठेवलेला. मी विचारलं, "इथे कोण बसतं?"

"ते रजेवर आहेत," जावई म्हणाला.

"कोण ते?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. अध्यक्षांनी कपाळ चोळलं. "स्वतंत्र संचालकच. तुमच्यासारखेच. नाव अगदी ओठांवर आहे बघा." ते ओठांवरून काही खाली उतरलं नाही.

विषय: बांधाची तपासणी वर्षभर पुढे ढकलणे. मी घसा साफ केला. (धाकटी म्हणते, माझं ते खाकरणं ऐकून फाटकावरचे पहारेकरी आधीच काठ्या उचलायचे.) पंचवीस मिनिटं बोलले. बँकवाल्यांचा तोल गेला. "बाई, ही सभा आहे, फाटक नाही!" असं टेबलावर हात आपटून म्हणाले. मी म्हटलं, "फाटकावर निदान ऐकणारे जागे असायचे." अधिकाऱ्यांनी एक डोळा उघडून परत मिटला.

चार विरुद्ध एक. ठराव मंजूर. मी सचिवांना सांगितलं, "माझा विरोध नोंदवा."

सचिव म्हणजे इतिवृत्त लिहिणारा माणूस, सभेत काय घडलं त्याची नोंद ठेवणारा. पन्नाशीचा, सडपातळ, फार अदबीचा. मी बोलत होते तेव्हा त्याचं पेन स्वस्थ होतं. मी खाली बसले तेव्हा ते चालायला लागलं.

"मी फक्त लिहितो, मॅडम," तो म्हणाला.

१० फेब्रुवारी, सोमवार

दुसरी सभा. जेमतेम दहा मिनिटं. पुढच्या महिन्याचा विषय जाहीर झाला: बांध तिसऱ्यांदा वाढवायचा, तीन मीटरने. सरकारचा परवाना तयार आहे, दहा एप्रिलच्या आत मंडळाचा ठराव जोडला की झालं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलायची वेळ पुढच्या महिन्यात.

सुरुवातीला एक गमतीचा प्रकार. पहिलाच विषय असतो 'मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे'. अध्यक्ष न बघताच म्हणतात, "कायम?" आणि एकेक जण शाळेतल्या हजेरीसारखं म्हणतो, "कायम." "कायम." "कायम." माझी पाळी आली तेव्हा मीही म्हटलं, "कायम." कागद आठवड्यापूर्वी घरी आलेले होते, मी उघडलेच नव्हते. सभेला मी स्वतः हजर होते. मीच केलेलं भाषण मी कशाला वाचू?

रात्रीच्या जेवणाआधी धाकटीने पाकीट फोडलं. वाचता वाचता तिचा चेहरा बदलला.

"ताई, तू त्यांना अनुमोदन दिलंस?"

हे त्यातलं जसंच्या तसं उतरवते: "सभेपूर्वी सर्व सदस्यांनी राखेच्या तलावास भेट देऊन बांधाच्या स्थितीबद्दल समाधान व्यक्त केले. तपासणी पुढे ढकलण्याच्या ठरावास स्वतंत्र संचालकांनी अनुमोदन दिले. ठराव सर्वानुमते मंजूर."

भेट? कसली भेट? जानेवारीत मी त्या तलावाच्या चार कोसांत गेलेले नाही!

११ फेब्रुवारी

सकाळीच सचिवांना फोन. "दुरुस्त करा."

"मॅडम, कायम होण्याआधी एका सदस्याने जरी 'नाही' म्हटलं असतं, तर पान पुन्हा वाचून दुरुस्त झालं असतं. आता झालं कायम. कायम झालेलं इतिवृत्त बदलता येत नाही. मलाही नाही. अध्यक्षांनाही नाही."

मग बँकवाल्यांना फोन. म्हटलं, हा माणूस माझ्याशी भांडला होता, हा तरी खरं बोलेल.

"भांडलो? छे हो!" ते म्हणाले. "तुम्ही किती सुरेख अनुमोदन दिलंत. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, या बाईंबद्दल उगाच ऐकत होतो."

मालकांशी वाटाघाटी करण्यात माझी हयात गेली. खोटं बोलणाऱ्याचा श्वास मला फोनवरून ओळखू येतो. बँकवाले खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच आठवत होतं.

चांगली पढवलेली मंडळी आहेत, दुसरं काय.

१२ फेब्रुवारी

दाराशी रबरी बुटांचा जोड. माझ्या मापाचा. घोट्यापर्यंत करडा चिखल, वाळून भेगाळलेला.

"पुसून ठेवते," धाकटी सहज म्हणाली आणि फडकं घेऊन बसली. एक बूट पुसून झाला तेव्हा तिचा हात थांबला. "ताई, हे आपल्याकडे कधी आले?"

दुपारी भाचीचा फोन. आवाजात रुसवा. "मावशी, जानेवारीत तू बांधावर आली होतीस आणि घरी डोकावलीसुद्धा नाहीस? मी वर्गाच्या खिडकीतून हात केला. तू बघितलंस. बघून तोंड फिरवलंस."

"मी नव्हते गं ती."

"अगं, पिवळं हेल्मेट घातलेलं असलं म्हणून काय, मावशीची चाल ओळखता येत नाही का मला?"

बूट मी घालून पाहिले. घालायला नको होते. आतून ओले होते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज खरोखरची गेले. (लिहिताना हसू येतं. आता मला 'खरोखरची' असं वेगळं लिहावं लागतं.)

वसाहत म्हणजे सहा ओळी घरं, मध्ये शाळा, आणि शाळेच्या मागच्या अंगणापासून दीडशे पावलांवर बांध. मान वर करावी लागते. दोरीवरचे कपडे वाळतात तेच करडे. भाची म्हणाली, मुलांना चित्र काढायला सांगितलं की आभाळाला निळा खडू कोणीच उचलत नाही.

मधल्या सुट्टीत मुलं बांधाकडे पळाली आणि रांगेत उभी राहून त्याला कान लावू लागली. मी म्हटलं, हा काय खेळ?

"तू पण लाव," भाची म्हणाली.

लावला. आधी काहीच नाही. मग सावकाश, खोल, एकेक घोट. कोणी तरी आत निवांतपणे पाणी पीत होतं.

"आजी, आज जास्त तहान लागलीय त्याला," माझ्याशेजारची चिमुरडी म्हणाली. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला.

"ही सचिवांची मुलगी," भाची म्हणाली. "आमच्या मागच्या ओळीत राहतात. आई नाही तिला. फार हुशार आहे."

बांधाच्या पायथ्याशी ओल होती, पंगतीला सतरंजी अंथरावी तशी लांबलचक. मी भाचीला म्हटलं, "माझ्याबरोबर आत्ता चल. सामान नंतर आणू."

"आणि ही अडुसष्ट पोरं? त्यांना पण तुझ्याच घरी आणू? आई स्वयंपाक करेल?" ती हसली. पण तिने माझा हात सोडला नव्हता. "मावशी, तू बोल ना त्यांच्याशी. तू बोललीस की लोक ऐकतात. लहानपणापासून बघतेय मी."

१० मार्च, सोमवार

आज मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण केलं. पंचाहत्तरी जवळ आल्यावर अशी फुशारकी शोभत नाही, पण वही माझी आहे.

धाकटीला सोबत नेलं. ती बाहेरच्या खोलीत बसली. "दम लागतो, हवा हवी," म्हणून मी सभागृहाचं दार उघडं ठेवायला लावलं. तिच्या पर्समध्ये जुना पॅड आणि तीन पेन्सिली होत्या. मी सांगितलं नव्हतं, तिचीच सवय.

मागच्या सभेचं इतिवृत्त ह्या वेळी मी अक्षर न् अक्षर वाचून गेले होते. दोनच ओळी होत्या, बिनचूक. कायम म्हटलं.

मग बांध. मी उभी राहिले, खाकरले. नंतरची चाळीस मिनिटं मला तुकड्यातुकड्यांत आठवतात. मी म्हटलं, तुम्ही ज्याला मंडळ म्हणता त्याला जबाबदारीचा एकच अवयव आहे, आणि तो म्हणजे 'नाही' म्हणणारी जीभ. ती कापून टाकलीत तर उरतं ते नुसतं जेवणाचं टेबल. मी म्हटलं, गरीब देशातल्या कंपनीला चांगला कारभार परवडत नाही असं तुम्ही मला चहाच्या वेळी सांगितलंत. अहो, वाईट कारभार परवडायलाच तर श्रीमंती लागते! श्रीमंताचा बांध फुटला तर तो दुसरा बांधतो, आपला फुटला तर आपण फक्त मोजदाद करतो. मी म्हटलं, तिथे अडुसष्ट मुलं भिंतीला कान लावून जे ऐकतात, ते ऐकायला तुम्ही चौघं एकदा, फक्त एकदा, वाका.

अधिकाऱ्यांचे दोन्ही डोळे उघडे होते. अध्यक्ष पडद्याकडे बघत बसले होते. मग म्हणाले, "चांगलं बोलता हो. तेव्हाही आम्ही आतून खिडकी उघडून ऐकायचो तुम्हाला."

चार विरुद्ध एक. मंजूर.

बाहेर पडताना सचिव लिफ्टपर्यंत आला. म्हणाला, "तुमची भाची माझ्या मुलीला शिकवते, मॅडम. मुलगी जेवताना सांगते, बांध पाणी पितो."

"मग गप्प का बसता? काही तरी करा ना!"

"मी फक्त लिहितो." त्याने लिफ्टचं बटण दाबलं. "माफ करा, मॅडम. मला एवढंच करता येतं."

"कशाची माफी?"

"ह्या वेळी कागद आले की वाचा. मोजून वाचा."

नोकरीला घाबरणारी माणसं मी खूप पाहिली. याची कीव आली. पोटच्या पोरीच्या डोक्यावर बांध आणि हा माफी मागतो!

२५ मार्च

कागद आले.

"हजर: अध्यक्ष व तीन सदस्य, एकूण चार. गैरहजर: स्वतंत्र संचालक, दोन्ही. रजा मंजूर. बांधाची उंची वाढवण्याचा ठराव चर्चेविना सर्वानुमते मंजूर."

गैरहजर! मी! त्या भाषणाला! कागद चुरगळून फेकला. धाकटीने तो उचलला, टेबलावर तळहाताने सरळ केला आणि पेन्सिलीच्या टोकाने काही तरी मोजायला लागली.

"ताई, यांच्या नियमांत कोरम किती?"

"पाच. सहातले पाच हजर नसले तर सभा होतच नाही."

"मग मोज की."

मोजलं. चार.

सभेला माणसं चार, म्हणजे सभाच झाली नाही. सभा झाली नाही, म्हणजे ठराव नाही. नवी सभा बोलवायला किंवा सभेत नवा विषय घ्यायला सात दिवसांची सूचना लागते. पुढची सभा सात एप्रिलला, परवाना संपतो दहाला. परवाना संपला की नवा मागावा लागणार, आणि नव्यासाठी सरकारी तपासणी आधी!

मी टाळी वाजवली. इतका काटेकोर माणूस आणि एवढी ढोबळ चूक! मला पुसून टाकायच्या घाईत कोरमच पुसून बसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता मी फक्त तोंड मिटून बसायचं, आणि पाळी आली की कायम म्हणायचं. ते चौघं काही वाचत नाहीत. मीही नव्हते वाचत.

धाकटी मात्र हसली नाही. "ताई, मागच्या वेळी कायम झालं तेव्हा दाराशी बूट आले. जे नव्हतं ते आलं. ह्या वेळी जे होतं ते..."

"काय?"

"तू 'नाही' म्हण. हजर होते म्हणून सांग. दुरुस्त करतील ते."

"दुरुस्त केलं की कोरम भरला. ठराव जिवंत. तुझी पोरगी खाली, राख वर."

मग तिने पॅड पुढे केला. पानंच्या पानं लघुलिपी, पक्ष्यांनी वाळूत पाय उमटवावे तशी. "तुझं सगळं भाषण आहे ह्यात. याचं काय करू?"

"ठेव कुठे तरी," मी म्हटलं. "हजारो माणसांनी ऐकलंय मला आयुष्यभर. चार माणसांच्या कागदाने मी थोडीच पुसली जाणार आहे?"

७ एप्रिल, सोमवार

झालं.

"कायम?" अध्यक्षांनी न बघता विचारलं. चार आवाज आले. मग माझी पाळी. खोटं नाही सांगत, माझी जीभ जड झाली. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण, आणि मीच माझ्या तोंडाने म्हणायचं की ते झालंच नाही. समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे चहाचा कप होता. त्यावर साय धरली होती आणि सायीवर राख.

मी घसा साफ केला आणि म्हटलं, "कायम!" खणखणीत.

मग विचारलं, "अध्यक्षसाहेब, मागच्या सभेला हजर किती होते?"

जावयाने कागद ओढला. पुढची पाच मिनिटं मी मनापासून उपभोगली. "पण ताई, तुम्ही होतात की!" अध्यक्ष ओरडले. "चाळीस मिनिटं बोललात!" मी म्हटलं, "मी? मला तर रजा मंजूर आहे." त्यांनी सचिवांकडे पाहिलं. सचिव वहीतून मान वर न करता म्हणाला, "कायम झालेलं इतिवृत्त बदलता येत नाही, साहेब." नोकरी जाईल बिचाऱ्याची, त्या एका चुकीपायी.

निघताना लिफ्टवाल्याने माझ्या तोंडावर दार लावून घेतलं. हाक मारली तरी थांबला नाही. नऊ मजले जिन्याने उतरले. उद्धट मेला.

११ एप्रिल

परवाना काल संपला. धाकटीला सांगितलं, ती वर्तमानपत्र वाचत होती. "हं," म्हणाली, कुणाला म्हणाली कोण जाणे. टेबलावर चहाचा एकच कप. माझा मी करून घेतला.

रुसली आहे. रुसू दे. लेक सुखरूप सुटली की येईल ताळ्यावर.

१७ एप्रिल

तपासणीवाले काल आले आणि संध्याकाळपर्यंत वसाहत रिकामी करायचा हुकूम निघाला. बांध आतून पोकळ आहे म्हणे. भाचीने फोनवर आईला सगळं सांगितलं. मी शेजारीच उभी होते. "मला दे," म्हणून हात पुढे केला. धाकटीने फोन ठेवून दिला.

भाचीने माझी चौकशी केली नाही.

बाहेर फिरून आले. किल्ली विसरले होते, घंटा वाजवली. धाकटीने दार उघडलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि अगदी अदबीने विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"

इतकी चांगली नक्कल तिने आजवर केली नव्हती. हसत आत आले.

१९ एप्रिल, शनिवार

आज सकाळी बांधाचा कोपरा गेला. राख शाळेत फळ्यापर्यंत चढली. आत कोणी नव्हतं. अडुसष्टच्या अडुसष्ट मुलं डोंगराकडच्या गोदामात होती, आणि भाची त्यांना गाणी म्हणायला लावत होती.

बोलले ते फुकट गेलं नाही. नाही, बोलले ते गेलंच. तरीही.

आज आवाज बसला आहे. कोणाशी बोलले नाही तरी.

२७ एप्रिल

ही वही कोणाची ते मला माहीत नाही. मी लिहिते आहे ती ह्या घराची मालकीण. पस्तीस वर्षं कोर्टात स्टेनो होते. ह्या घरात मी एकटी राहते, निदान असं मी सगळ्यांना सांगते.

वसाहत बुडाल्यावर लेक इथे राहायला आली. तिच्यासाठी आतली खोली उघडली. पलंगावर चादर घातलेली होती. उशीवर खळगा होता. कोपऱ्यात रबरी बूट, उशाशी ही वही. वहीतलं अक्षर मी ओळखते, पण कोणाचं ते सांगता येत नाही. नाव ओठांवर येतं आणि तिथेच राहतं.

माझ्या कपाटात एक पॅड सापडला. त्यातली लघुलिपी माझी आहे, त्याबद्दल शंका नाही. माझी वाकडी वळणं मला कळतात. पहिल्याच ओळीत मी लिहिलं आहे: "ताई उभी राहिली."

मला मोठी बहीण नाही.

लेकीला वाचून दाखवायला बसले. मी आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं सपाट आवाजात वाचलं, तसंच वाचायचं असतं. पण दुसऱ्या पानावर माझा आवाज चढला. तिसऱ्या पानावर मी उभी होते. 'नाही' म्हणणाऱ्या जिभेपाशी आले तेव्हा लेक रडायला लागली. "आई, लहानपणी मला खांद्यावर बसवून मोर्चात कोण न्यायचं? तू तर कधी मोर्चात गेली नाहीस."

काल संध्याकाळी एक सडपातळ गृहस्थ मुलीला घेऊन आले. नोकरी गेली आहे म्हणाले. दारातच उभे राहिले, आत आले नाहीत. "त्यांची माफी मागायची होती," म्हणाले. कोणाची ते सांगेनात. मुलगी माझ्या पाठीमागे बघून हसली, पडलेल्या दाताच्या फटीतून.

वही दोनदा वाचली. त्या कंपनीचं पान कायम झालं आहे, ते बदलता येत नाही, आणि बदलायचंही नाही. त्याच्यावर अडुसष्ट पोरं उभी आहेत. पण ही वही कंपनीची नाही. हिच्यातलं काहीच अजून कोणी कायम केलेलं नाही. ते काम कागद लिहिणाऱ्याचं असतं, आणि ते मला येतं.

म्हणून पॅडमधलं अक्षर न् अक्षर ह्या वहीच्या मागच्या पानांवर साध्या लिपीत उतरवलं. सकाळपासून बसले होते. खाली लिहिलं: दहा मार्चला ताई हजर होती. मी दाराबाहेर बसून ऐकलं. सही केली. लेकीने वाचलं.

"कायम?" मी विचारलं.

"कायम," ती म्हणाली.

पेन ठेवलं. टेबलावर, का कोण जाणे, मी तीन कप मांडले होते. तेव्हा आतल्या खोलीत कोणी तरी घसा साफ केला. बोलायला उभं राहण्याआधी करतात, तसा.